श्वास की घाणा

मामा, काल तुमची ट्रंक उघडली.

तेरावं झालं, पाहुणे गेले, मांडवाचे बांबू टेम्पोत चढले, आणि घरात एकदम एवढी जागा झाली की कुठं बसावं ते कळेना. म्हणून मीच आत्यांना म्हटलं, पोलीस ठाण्याचं काम उरकून घेऊ. लायसन्स ज्याच्या नावावर तो माणूस गेला की रायफल आणि उरलेल्या गोळ्या जमा कराव्या लागतात, आणि माझ्या नावाचे नवे कागद कधी होतील ते सरकारलाच माहीत. आत्यांनी पदराची गाठ सोडली आणि तुमच्या करगोट्याला असायची ती किल्ली माझ्या हातावर ठेवली. किल्ली अगदी गुळगुळीत झाली आहे. तुमच्या पोटाला घासून घासून झाली असणार.

मी रडलेले नाही, हे आधीच सांगते. भोरहून आलेल्या माझ्या मावशीला ते खटकलं. सासरा एवढा जिवाचा होता आणि पोरीच्या डोळ्यात पाणी नाही म्हणजे काय, असं ती चार बायकांत बोलली. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, पोटात ठेवू नको, मोकळी हो. पोटात मी काही ठेवलेलं नव्हतं. माझ्या डोक्यात तुमचं-माझं जुनं भांडण चालू होतं, आणि भांडण चालू असताना मला रडता येत नाही. तुम्हाला ते माहीत आहे.

भांडण एका गोळीचं. पुण्यात राज्य स्पर्धेत, पन्नास मीटरवर, पालथं पडून मारताना माझी एक गोळी दहातून घसरून आठात गेली. बरोबर खाली, घड्याळाच्या सहाच्या आकड्यावर. एका गुणानं माझा राज्याचा संघ हुकला, आणि तशी संधी मला पुन्हा आली नाही. ती गोळी खाली का गेली, एवढाच प्रश्न. तुम्ही म्हणायचात, श्वास. मी म्हणायचे, घाणा. इतकी वर्षं झाली, दोघांतलं कोणीही तसूभर हललं नाही, आणि आता तुम्ही असे मधूनच उठून गेलात.

आपली ओळखही अशीच झाली होती. मला बघायला तुम्ही मंडळी भोरला आमच्या घरी आलात. आत्यांनी विचारलं, भाकरी येते का. तुमच्याबरोबर आलेल्या पाहुण्यांनी विचारलं, पतसंस्थेतली नोकरी पुढं करणार का. तुम्ही मात्र भिंतीकडे बघत बसला होतात. भिंतीवर माझा कॉलेजातला एनसीसीचा फोटो होता, सतरंजीवर पालथी पडून पॉइंट टू-टू रायफल धरलेली. बशीतला चहा निवून गेल्यावर तुम्ही तोंड उघडलंत.

"डावा कोपर कुठं ठेवतीस?"

"रायफलीच्या खाली," मी म्हटलं.

"बरोब्बर खाली, का जरा बाजूला?"

"जरा डावीकडं."

तुम्ही बशी खाली ठेवलीत आणि आत्यांना म्हणालात, "चला, झालं." माझ्या आईचा चेहरा उतरला. तिला वाटलं, नकार आला. तुम्ही उठून चालायला लागलात, आणि तुमच्या मुलाला, म्हणजे यांना, पोरगी नीट बघायलाही मिळाली नाही हे यांनी मला नंतर कितीदा तरी ऐकवलं. निघताना आई मला कानात म्हणाली, सासऱ्यांना मामा म्हणायचं बरं का, आणि सासूबाईंना आत्या. तेव्हापासून तुम्ही मामा.

तुम्ही मला घरी सूनबाई म्हणायचात आणि रेंजवर चार नंबर. वरवे गावाच्या मागं मुरमाची जुनी खाण आहे, तिच्या कापलेल्या कड्याला पाठ करून निशाण्या उभ्या करायच्या, समोर पत्र्याची शेड, शेडमध्ये सतरंज्या. तुमच्यासारख्या फौजेतून आलेल्या चारदोघांनी परवानग्या काढून तो क्लब उभा केला होता. मी चौथ्या सतरंजीवर पडायची, म्हणून चार नंबर. रविवारी सकाळी आपण दोघं मोटरसायकलवर निघालो की वाटेत कोणीतरी हटकायचंच. "सासरा-सून कुणाला मारायला निघाले?" तुम्ही गाडी थांबवून गंभीरपणे सांगायचात, "अजून ठरलं न्हाई. तुमचं नाव घालू का?" आत्यांना ते आवडायचं नाही. त्यांना रायफलीचंच काही आवडायचं नाही, पण आपल्या दोघांच्या डब्यात त्या रविवारी हमखास कोंबडीचं कालवण असायचं.

रायफल तुमची आणि लायसन्स तुमचं. तुम्ही शेजारी असल्याशिवाय तिला हात लावायचा नाही, हा कायदाही होता आणि तुमचा हट्टही. त्यामुळे भांडण झालं तरी मला तुम्हाला सोडून कुठं जाता यायचं नाही.

घाण्याची गोष्ट मीच तुमच्या डोक्यात भरवली, म्हणजे तसा प्रयत्न केला. पतसंस्थेत दुपारी काम नसायचं तेव्हा मी मोबाईलवर वाचत बसायची, आणि संध्याकाळी तुम्हाला सांगायची. या छोट्या गोळीचं दुखणं असं की ती घरी दुरुस्त करता येत नाही. मोठ्या काडतुसाच्या बुडाशी मधोमध टोपी असते, ती बदलता येते. हिच्यात पेट घेणारी दारू पितळी बुडाच्या कडेच्या वळणात, ओली असताना गरगर फिरवून बसवतात. ती कडेनं सगळीकडं सारखी पसरली नाही, किंवा आतली दारू कणभर कमी पडली, की गोळी नळीतून सावकाश निघते. सावकाश निघालेली गोळी पन्नास मीटर जाईपर्यंत जास्त खाली येते. डोळ्याला काहीच दिसत नाही. कंपनी तीच, डबा तोच, रंग तोच. फरक असतो तो झाकणाच्या कडेला छापलेल्या लॉट नंबरात.

"पेटीवर नंबर असायचा आमच्याबी," तुम्ही म्हणालात. "कोन बगतं?"

"बघायला पाहिजे मामा. एका दमात, एका मशीनवर, एकाच मालातून झालेल्या गोळ्या म्हणजे एक लॉट."

"म्हंजे घाणा," म्हणालात.

मला हसू आलं, पण शब्द फिट बसला. नसरापूरच्या स्टँडवर आपण भजी खायचो तेव्हा तुम्ही कधी पहिला घाणा घ्यायचा नाहीत. गाडीवाल्याला सांगायचात, "ह्यो दुसऱ्याला दे. तेल अजून कोमट हाय." पीठ तेच, हात तोच, कढई तीच, आणि तरी एक घाणा तेलकट आणि पुढचा खुसखुशीत. मला वाटलं, जिंकले. तुम्हाला पटलं.

पण तुम्ही लगेच पुढं म्हणालात, "भज्याचं ठीक हाय. गोळीच्या घाण्याला नावं ठिवायची न्हाईत. आमाला सरकारनं कधी इचारलं न्हाई, कुठला घाणा पायजे. आली ती मारायची. खाली गेली तर श्वास सुटला, उजवीकडं गेली तर बोट वडलं. गोळीला काय अक्कल हाय व्हय?"

हीच आपल्या भांडणाची सुरुवात. गंमत म्हणजे दोघांचंही बरोबर होतं. श्वास पुरता थांबायच्या आत घोडा दाबला तर नळी खालीवर होते आणि गोळ्या उभ्या रेघेत पडतात. घाणा कच्चा असला तरी गोळ्या उभ्या रेघेतच पडतात. कागदावर दोन्हीची सही एकच. कागद बघून कोणाला सांगता येणार नाही की यातलं कोण येऊन गेलं.

म्हणून मी हट्टानं तपासणी करायला लावली. क्लबाला बाहेरून आलेल्या गोळ्यांतून आपल्या वाट्याला दोन घाणे आले होते. वारा नसलेली सकाळ बघितली, वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवली, म्हणजे माझ्या श्वासाचा प्रश्नच नको. तुम्ही तिकाटण्यावर दुर्बीण लावून बसलात आणि नाक मुरडत राहिलात. घाणा बदलला की पहिल्या काही गोळ्या धरायच्या नाहीत, हे मी तुम्हाला सांगितलं. गोळीच्या शिशाला मेण लावलेलं असतं आणि नव्या घाण्याचं मेण नळीला आतून लागावं लागतं, तोवर गोळ्या कुठंही जातात.

"नव्या सुनंसारखं," तुम्ही म्हणालात. "पयले काय दिवस धरायचे न्हाईत."

एका घाण्याची उभी रेघ पडली, वरून खाली ओघळ आल्यासारखी. दुसऱ्याच्या गोळ्या एकीच्या भोकात एक गेल्या. सगळं मिळून सदऱ्याच्या बटणाखाली झाकलं असतं. तुम्ही दुर्बिणीला डोळा लावून बराच वेळ बसलात. "ह्यो घाणा गोड हाय," म्हणालात. आणि लगेच, "तू बी आज बरी मारत हुतीस म्हना."

गोड घाण्याच्या डब्यांवर मी घरी येऊन कुंकवाचा टिळा लावला, म्हणजे चूक नको. आत्या भाकरी थापत होत्या. "गोळ्यांचं लगीन हाय का गं?" म्हणाल्या. टिळ्याचे डबे आणि बिनटिळ्याचे डबे ट्रंकेत गेले, ट्रंकेला कुलूप लागलं, आणि किल्ली देवघरामागच्या खिळ्याला. सगळ्या बाबतीत शिस्तीचे तुम्ही, पण ही एवढी बेशिस्त होती तुमची.

स्पर्धेच्या दिवशी पुण्यात थंडी होती. माझे टिळ्याचे डबे मी सतरंजीशेजारी मांडले. गोळ्या भरताना बोटांना मेण लागलं नाही, हे मला जाणवलं होतं. एरवी बोटं चिकट होतात, मी मांडीला पुसते आणि आत्या त्या डागावरून बोलतात. थंडी आहे, म्हटलं, मेण घट्ट झालं असेल. सुरुवात चांगली झाली. मग ती एक गोळी. तुम्हीच शिकवलं होतं की निशाणीकडे बघायच्या आधी आपली गोळी कुठं गेली ते मनात म्हणायचं. मी मनात दहा म्हटलं होतं. स्वच्छ दहा. बघितलं तर आठ, खाली.

परत येताना एसटीत तुम्ही खिडकीशी, मांडीवर दुर्बिणीची पिशवी. कात्रजचा घाट उतरल्यावर मी म्हटलं, "मामा, मी दहा म्हटलं होतं." तुम्ही बाहेर बघत राहिलात. खेड-शिवापूर मागं गेल्यावर म्हणालात, "बगू. घाणा असंल बी. उद्या उरलेल्या मारून बगू, पिशव्यांवर ठिऊन."

मामा, तुम्ही ते म्हणालात. मला चांगलं आठवतं, कारण तेवढ्या एका वाक्यावर मी ती रात्र काढली. संघ हुकला होता, पण निदान तुम्ही माझ्या बाजूला आला होतात.

सकाळी मी तयार होऊन पडवीत आले तर तुम्ही चहा पीत बसलेले. रेंजचं नाव नाही. "श्वास व्हता," म्हणालात, माझ्याकडे न बघता. "म्या इचार केला. श्वासच व्हता तुजा." आणि देवघरामागचा खिळा मोकळा. किल्ली तुमच्या करगोट्याला.

मला काय वाटलं असेल, ते तुम्ही ओळखलंच असणार. मला वाटलं, आता माझ्यावर विश्वास नाही. सुनेनं गोळ्यांत फार नाक खुपसलं, म्हणून किल्ली काढून घेतली. त्यानंतर महिनाभर मी तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही समोर पाटावर बसलेले असताना मी आत्यांना सांगायची, मामांना विचारा, भात वाढू का. तुम्हीही आत्यांना सांगायचात, तिला म्हनावं, वाढ. आत्या बिचाऱ्या मधल्या मधे भात घेऊन उभ्या.

महिन्यानंतर बोलणं सुरू झालं, पण गोळीचं भांडण मिटलं नाही. टिळ्याच्या एका डब्यात थोड्या गोळ्या उरल्या होत्या. माझं म्हणणं साधं होतं: त्या पिशव्यांवर ठेवून मारा, काय ते कळेल. रेघ पडली तर मी खरी, नाही पडली तर मी आयुष्यात घाण्याचं नाव काढणार नाही. तुम्ही काय काय सबबी सांगितल्यात. आज वारा आहे. समोर गवताचं पातं हलत नव्हतं, मामा. आज चष्मा इसरला. तो तुमच्या खिशात होता. आज शनी-अमावस्या. तुम्ही, ज्यांनी अमावस्येला बैल विकत घेतला आणि गावाला तोंडात बोटं घालायला लावली. मी म्हणायची, घाबरता का? तुम्ही म्हणायचात, "व्हय, घाबरतो," आणि तेवढ्यावर विषय संपवायचात.

बाकी सगळं तुम्ही केलंत, हे मात्र सांगितलं पाहिजे. पुढं मला मुलगी झाली आणि सगळ्यांनी लावून धरलं की आता हे बंद. तुम्ही पडवीत येऊन एवढंच म्हणालात, "बंद कशापाई? म्या धरतो की पोरगी." आणि खरंच धरलीत. मी चौथ्या सतरंजीवर, आणि तुम्ही लांब बाभळीखाली तिला मांडीवर घेऊन, तिच्या दोन्ही कानांवर तुमचे पंजे. तिथून ओरडायचात, "चार नंबर, श्वास!" ती दचकायची ती गोळीच्या आवाजाला नाही, तुमच्या आवाजाला. आणखी एक गोष्ट मला तेव्हा दिसली होती, पण तिचा अर्थ लागला नव्हता. तोंडानं तुम्ही श्वास श्वास करायचात, पण त्या स्पर्धेनंतर नवा घाणा आला की तपासणीला माझ्याआधी तुम्हीच तयार. पिशव्या तुम्हीच भरायचात. डबा आधी नाकाला लावायचात, मग एक गोळी दोन बोटांत धरून मेण आहे का बघायचात. ज्याला घाणा पटत नाही त्यानं एवढं कशाला करावं? मी म्हटलं, म्हातारपणचा छंद.

दवाखान्यातही तुम्ही सोडलं नाहीत. तुमच्या छातीला नळकांडं लावून डॉक्टर म्हणाले, "बाबा, श्वास आत घ्या. थांबवा. आता हळू सोडा." तुम्ही घेतलात, थांबवलात, सोडलात. मग मान वळवून माझ्याकडे बघितलंत. "बगितलंस, चार नंबर? डाक्टरबी माज्याच बाजूचा हाय." डॉक्टरांना काही कळलं नाही. मी त्यांना म्हटलं, चालू द्या, आमचं जुनं आहे. त्यानंतर आपलं धड बोलणं झालंच नाही. मला वाटलं होतं, घरी आलात की निवांत भांडू.

तर काल ट्रंक उघडली. वर तुमचं फौजेचं कांबळं, खाली पदकांची डबी, दुर्बिणीची पिशवी, आणि एका कोपऱ्यात कुंकवाचा टिळा पुसट झालेला तो डबा. जमा करायच्या गोळ्या मी खाली उतरवायला घेतल्या. ट्रंकेला कुबट वास येत होता. आत्या दारात उभ्या होत्या. त्या सहज म्हणाल्या, "दमाटल्या का गं? उन्हात घालू जरा? मागच्या टायमाला घातल्या व्हत्या तशा."

मी म्हटलं, "मागच्या टायमाला कधी?"

त्या खाली बसल्या आणि सांगायला लागल्या. दिवाळीची साफसफाई होती, तू पतसंस्थेत गेली होतीस, म्हणाल्या. कांबळं उन्हात टाकायला ट्रंक उघडली तर पुठ्ठ्याचे डबे मऊ पडलेले, बुरशी धरलेली. "म्हटलं, पोरीची परीक्षा हाय पुन्यात, आन् गोळ्या सादळल्यात. मंग समद्या डब्यातल्या सुपात काढल्या, वर पत्र्यावर साबुदान्याच्या पापडाशेजारी उन्हात घातल्या. मेनचट लागत व्हत्या, म्हनून फडक्यानं एकेक पुसली. संध्याकाळी डबे पुसून परत भरल्या. तू टिळा लावलेला ना, म्हनून ते डबे आदी भरले."

माझ्या हातात त्या डब्यातली गोळी होती. बोटांना मेण लागत नव्हतं.

"तू पुन्यासनं आलीस तवा न जेवता झोपलीस," आत्या पुढं म्हणाल्या. "म्या यांना म्हटलं, गोळ्या बेस वाळल्या व्हत्या ना? तर हे माज्याकडं बगतच राहिले. मंग हसले. म्हनले, परत नको घालूस, त्यास्नी मेन लागतं. आन् पोरीला काय सांगू नको, ती हसंल तुला. म्हनून म्या नाय सांगितलं. तू हसली असतीस, व्हय ना?"

मामा, तुम्ही किती बनेल होतात. तिनं दोन्ही घाणे एका सुपात एक केले, मेण पुसून काढलं, आणि तुम्ही तिला सांगितलंत की सून हसेल. आणि मला सांगितलंत, श्वास. तुमच्या त्या वाऱ्याच्या, चष्म्याच्या आणि अमावस्येच्या सबबी मला काल एका दमात कळल्या. उरलेल्या गोळ्या पिशव्यांवर ठेवून मारल्या असत्या तर रेघ पडली असती, मी म्हटलं असतं गोड घाण्याची रेघ कशी पडली, आणि मग मी शोधत शोधत सुपापर्यंत आले असते. किल्लीही माझ्यापासून लपवलेली नव्हती. आत्यांच्या हातापासून ती लांब ठेवली होती, आणि तेही त्यांना कळू न देता.

आधी मला तुमचा राग आला. खरं सांगते, फार आला. इतकी वर्षं तुम्ही मला माझ्या श्वासावर संशय घ्यायला लावलात. मी पहाटे उठून छातीवर हात ठेवून श्वास मोजले आहेत. रात्री यांच्या शेजारी पडून मी विचार केला आहे की मला दहा दिसला तो खोटाच दिसला असेल का. हे सगळं तुम्ही बघत होतात आणि चहा पीत होतात. एक शब्द बोलला असतात तर मी सुटले असते.

मग मला वाटलं, आणि आत्यांचं काय झालं असतं? मी तेव्हा घरात नवी, डोकं गरम, संघ हुकलेला. मी त्यांना काय बोलले असते ते मला माहीत आहे, आणि ते परत घेता आलं नसतं. आत्यांनी ते मरेपर्यंत मनात ठेवलं असतं, पोरीच्या परीक्षेसाठी उन्हात उभं राहून एकेक गोळी पुसल्याबद्दल. तुम्ही दोघींना बघितलंत आणि ठरवलंत की राग तुमच्यावर काढलेला बरा. तुमच्यावर काढलेला राग महिनाभर टिकायचा. हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं.

हे कळल्यावर मला रडू आलं. मावशीला कळवा म्हणजे झालं.

आणि तरी आपला प्रश्न सुटला नाही, हे बघितलंत का? टिळ्याच्या डब्यात कुठली गोळी कुठल्या घाण्याची, ते कोणालाच माहीत नाही. ती एक गोळी कच्च्या घाण्याची असेल, किंवा गोड घाण्याची असून माझाच श्वास सुटला असेल. उरलेल्या मारून बघितल्या तरी गेलेल्या गोळीचं काही कळायचं नाही. म्हणजे भांडण जिथं होतं तिथंच आहे. फक्त तुमच्या बाजूनं बोलायला आता कोणी नाही.

मी डबा बंद केला आणि ठाण्यात न्यायच्या पिशवीत ठेवला. आत्या अजून खालीच बसल्या होत्या. बोटानं कांबळ्याचे धागे सरळ करत होत्या.

"का गं," त्या म्हणाल्या, "त्यानं काय बिगडलं न्हवतं ना तवा? तुजी ती पुन्याची परीक्षा?"

"नाही आत्या," मी म्हटलं. "त्या दिवशी माझा श्वास सुटला होता."

त्यांनी मान हलवली आणि गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "त्येबी ह्येच म्हनायचे," म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या.